डिझायनर कलेक्शन स्वस्तात: काय उचलावं, काय तिथेच ठेवावं

स्वस्त कलेक्शनच्या खोक्यावर डिझायनरचं नाव ठळक असतं आणि आतली फळी कशाची आहे ते खालच्या कोपऱ्यात, भिंग लावून वाचावं इतकं बारीक. खरेदी करताना हा क्रम उलटा करायचा. डिझायनर आकार ठरवतो, प्रमाण ठरवतो, रंगांची जोडी जमवतो. फळीची जाडी, फोमची घनता, ड्रॉवरचं चॅनल, शिवणीतले टाके हे मात्र कारखान्यात ठरतं, आणि ते किमतीकडे बघून ठरतं. म्हणून एकाच कलेक्शनमधला दिवा उत्तम आणि खुर्ची टाकाऊ, असं सर्रास घडतं. जिथे आकार आणि रंग हेच सगळं काही आहे ती वस्तू बिनधास्त उचलावी. जिच्यावर वजन पडतं, जी घासली जाते, ओढली जाते, तिथे नाव विसरून लेबल वाचावं.

हा प्रकार नवा नाही. टेरेन्स कॉनरन यांनी १९६४ मध्ये लंडनमध्ये ‘हॅबिटॅट’ हे घरसामानाचं दुकान उघडलं, तेव्हा चांगली रचना सामान्य माणसाच्या आवाक्यात आणायची हाच उद्योग होता. वास्तुविशारद मायकेल ग्रेव्हज यांनी १९८५ मध्ये ‘अलेस्सी’ या इटालियन कंपनीसाठी चोचीवर शीळ घालणारा पक्षी बसवलेली किटली केली, आणि १९९९ मध्ये ‘टार्गेट’ या अमेरिकी दुकानसाखळीसाठी घरगुती वस्तूंची स्वस्त मालिका. किटली, टोस्टर, घड्याळ अशा वस्तूंना हे सूत्र शोभतं, कारण त्यांची ऐट आकारात असते. ‘आयकिया’ने २०१५ मध्ये इल्से क्रॉफर्ड यांच्याकडून बूच आणि नैसर्गिक धाग्यांची ‘सिन्नरलिग’ मालिका करून घेतली, २०१८ मध्ये टॉम डिक्सन यांचा ‘डेलाक्टिग’ सोफा आणला, २०१९ मध्ये व्हर्जिल ॲब्लो यांची ‘मार्केराड’. यातला ‘डेलाक्टिग’ मला सर्वांत शहाणा वाटतो. तिथे सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे, म्हणजे पैसा वजन पेलणाऱ्या भागात गेलाय. कापड, हात, पाठ नंतर बदलता येतात. ‘मार्केराड’सारख्या मर्यादित मालिकेचा एक तोटा खरेदीच्या भरात सुचत नाही: सहा महिन्यांनी जुळणारी दुसरी खुर्ची हवी झाली तर ती मिळत नाही. जोडीत किंवा संचात वापरायची वस्तू मर्यादित मालिकेतून घ्यायची असेल तर सगळे नग एकदमच घ्यावेत.

नाव तेच, रूप तेच आणि आतला माल बदललेला, हेही होतं. गिलिस लुंडग्रेन यांनी १९७९ मध्ये आरेखलेलं ‘बिली’ हे पुस्तकांचं कपाट जगभर ओळखीचं आहे. अलीकडच्या काही वर्षांत त्यावरच्या लाकडी व्हेनिअरची (खऱ्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) जागा कागदी फॉइलने घेतली. लांबून फरक कळत नाही. जवळून मात्र व्यवहार बदलतो: व्हेनिअर हे खरं लाकूड असल्याने हलका ओरखडा बारीक पॉलिशपेपरने घासून, पॉलिश मारून निघतो, फॉइलवर घासायला गेलात की छापलेली लाकडी नक्षीच निघून येते आणि खालचा पांढुरका थर दिसतो. म्हणून जुनी परीक्षणं वाचून नवा नग घेऊ नये. ज्या वर्षीचा माल घेताय, त्याचंच लेबल वाचावं.

आता फळीकडे येऊ, कारण स्वस्त कपाटांची निम्मी रड इथेच असते. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा रेझिनमध्ये दाबलेला. एमडीएफ म्हणजे त्याहून बारीक तंतू, कडा गुळगुळीत, पण वजनदार. प्लायवूडमध्ये थर आडवे-उभे असल्याने ते स्क्रू घट्ट धरून ठेवतं. पार्टिकल बोर्ड वाईट नसतं, ते चुकीच्या जागी वाईट ठरतं. ओलावा लागला की कडेकडून फुगतं आणि फुगलेलं परत बसत नाही. ओलाव्याच्या जागी, म्हणजे सिंकखाली किंवा न्हाणीघराच्या भिंतीला, ते नकोच. द्यायचंच असेल तर आतल्या प्रत्येक उघड्या कडेला, बिजागरीच्या भोकांनासुद्धा, वार्निश किंवा सिलिकॉन लावून घ्यावं. एज बँड, म्हणजे फळीच्या कडेला चिकटवलेली पट्टी, किती जाडीचा आहे तेही बघावं. ०.४ मिमीची पट्टी नखाने उचकटते, १ ते २ मिमीची वर्षानुवर्षं टिकते.

फळी वाकण्याचं गणित एकदा समजून घेतलं की दुकानात फसायला होत नाही. पुस्तकांचं वजन एका मीटरला साधारण २५ ते ३५ किलो भरतं. एवढा सारखा भार असताना फळीचा झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ८० सेंमीच्या फळीऐवजी तीच फळी ६० सेंमीची घेतली तर झोल जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताचा: १८ मिमीऐवजी २५ मिमी घेतली तर झोल निम्म्याहून कमी. शिवाय पार्टिकल बोर्ड कायमच्या वजनाखाली महिनोन्महिने हळूहळू वाकतच राहतं, त्यामुळे दुकानातली सरळ फळी बघून काही कळत नाही. ८० सेंमीचं कपाट आधीच घरात असेल तर फळीच्या पुढच्या कडेखाली ४० मिमी रुंदीची लाकडी पट्टी उभी लावून, डिंक आणि स्क्रूने बसवावी. पट्टी आडवी लावली तर फारसा उपयोग नाही, ताकद उभ्या उंचीत असते. डिंक धरायचा असेल तर पट्टी बसणार तिथला गुळगुळीत थर आधी घासून खरखरीत करावा लागतो.

जोडणीत काय बिघडतं? बहुतेक खोक्यांत १५ मिमी व्यासाचे कॅम लॉक असतात: एका फळीत खिळा, दुसरीत फिरणारी चकती, चकती फिरवली की ती खिळ्याचं डोकं आत ओढून धरते. चकतीवरचा बाण आधी खिळ्याच्या दिशेला हवा, मग साधारण अर्धा फेरा. त्यापुढे जोर लावला की आजूबाजूचा भुसा चुरडतो आणि सांधा कायमचा ढिला होतो. बॅटरीवरचा ड्रिल इथे वापरूच नये. घर बदलण्याचा प्रश्न नसेल तर लाकडी डोवेल (जोडाच्या खुंट्या) बसवताना भोकात पांढऱ्या डिंकाचा एक थेंब सोडावा. भोकात कच्चं लाकूड असल्याने तो धरतो. फळीवरच्या मेलामाइनच्या गुळगुळीत थरावर तोच डिंक धरत नाही. मात्र डिंक घातल्यावर ते कपाट पुन्हा सुटं होणार नाही.

पाठीची पातळ फळी लोक शोभेची समजतात. कपाट काटकोनात ठेवण्याचं काम तीच करते. खिळे मारण्यापूर्वी कपाट पालथं ठेवून दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. दोन्ही मापं सारखी आली की मगच खिळे. ५ मिमीचा फरक तसाच राहिला तर दारं वरच्या बाजूला एकमेकांना घासतात आणि माणूस बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवत बसतो.

आणि कपाट भिंतीला बांधणं. ड्रॉवरचं कपाट अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत ‘स्टर्डी’ कायदा झाला, आणि १ सप्टेंबर २०२३ पासून तिथे तयार होणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या अशा कपाटांना स्थिरतेची सक्तीची चाचणी लागू आहे. गृहसजावटीच्या बातम्यांत रंगांना मथळे मिळतात. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली महत्त्वाची बातमी ही होती. खोक्यात येणारी पट्टी आणि कंस फेकून देऊ नका. खोक्यातला, स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचा प्लग तुमच्या भिंतीला चालेलच असं नाही: पोकळ भिंतीला वेगळा, विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीला वेगळा.

सोफ्याबाबत तीन गोष्टी विचाराव्यात. बैठकीच्या फोमची घनता: घनमीटरला ३५ ते ४० किलो असेल तर ठीक, २५ च्या खाली असेल तर रोजच्या वापरात खड्डा पडणार. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. कमी घनतेचा फोमही दुकानात कडक लागू शकतो, म्हणून हाताने दाबून काही सिद्ध होत नाही. दुसरा आकडा कापडाच्या घर्षण चाचणीचा, मार्टिनडेल: किती वेळा घासल्यावर कापड झिजतं. रोजच्या बैठकीला २० हजारांच्या आसपास किंवा वर, १० हजारांखालचं कापड फक्त कुशनला. तिसरं, अभ्रे निघतात का आणि सुटे मिळतात का. दुकानदार तिन्हींपैकी एकाचंही उत्तर देऊ शकत नसेल तर सोफा तिथेच ठेवून दिवा घेऊन यावं.

पडदे मात्र स्वस्त कलेक्शनमधून घ्यायलाच हवेत. वजन नाही, घासणं नाही, आणि रंग-पोत हेच भांडवल. तरीही स्वस्त पडदा स्वस्त दिसतो. दोष बहुधा कापडाचा नसतो, कमी घेतलेल्या कापडाचा असतो. चुण्यांसाठी कापडाची रुंदी रॉडच्या लांबीच्या किमान दुप्पट लागते, विरळ पारदर्शक पडद्याला अडीच ते तीनपट. खिडकी १५० सेंमी रुंद आहे असं धरू. रॉड दोन्ही बाजूंना २० सेंमी बाहेर न्यायचा म्हणजे १९० सेंमी. उघडल्यावर पडदा भिंतीवर जमतो, काच झाकत नाही, आणि खिडकी मोठी वाटते. दुप्पट म्हणजे ३८० सेंमी कापड. तयार पडदे बहुतेकदा १४० सेंमीच्या जोडीत येतात, म्हणजे २८०. दीडपटसुद्धा नाही. बंद केल्यावर तो पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो आणि लोक डिझायनरला नावं ठेवतात.

उपाय असा: दोन जोड्या घ्यायच्या आणि तीन पडदे वापरायचे. तिसरा उभा मधोमध कापून प्रत्येक अर्धा एकेका पडद्याला बाहेरच्या, भिंतीकडच्या बाजूने जोडायचा. तिथे शिवण चुणीत लपते. रुंदी ४२० सेंमी, रॉडच्या सव्वादोनपट. आयलेटचा पडदा असेल तर कापण्याआधी कड्या मोजाव्यात. जोडून झाल्यावर प्रत्येक बाजूला कड्यांची संख्या सम हवी, तरच दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. विषम झाली की एक टोक खोलीत बाहेर डोकावतं. उरलेल्या चौथ्या पडद्याचे कुशनचे अभ्रे होतात. दोन्ही जोड्यांवरचा डाय लॉट नंबर दुकानातच जुळवून घ्यावा, कारण एकाच नावाचा रंग दोन घाण्यांत थोडा वेगळा उतरतो आणि शेजारीशेजारी टांगल्यावरच तो दिसतो.

रॉड खिडकीच्या चौकटीच्या किमान १० ते १५ सेंमी वर, छत बुटकं असेल तर छताला लागूनच. लांबी जमिनीपासून १ सेंमी वर किंवा जमिनीला टेकलेली. मध्येच लोंबणारा पडदा उंचीला मारतो. सुती किंवा लिननचा पडदा आधी धुवायचा, मग काठ दुमडायचा. ही पायरी टाळली जाते आणि पहिल्या धुण्यानंतर पश्चात्ताप होतो: ३ ते ५ टक्के आटणं सामान्य आहे, २५० सेंमीच्या पडद्यात ते ७ ते १२ सेंमी भरतं. याउलट लिनन टांगून ठेवल्यावर थोडं ओघळतं, म्हणून काठ टाचण्यांवर ठेवून आठवडाभर लटकू द्यावा आणि मग शिवावा. अस्तर लावलंत तर ते पडद्यापेक्षा २ ते ३ सेंमी आखूड. अस्तराने स्वस्त कापडाला जड ओघ येतो आणि उन्हाने रंग उडणंही लांबतं.

गालिच्यात लोक पैसे वाचवतात ते आकारात, आणि तिथेच खोली बिघडते. २०० सेंमीच्या सोफ्यापुढे १२० × १८० चा गालिचा तरंगतो. सोफ्याच्या दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंमी बाहेर यावा आणि निदान पुढचे पाय त्यावर बसावेत. जेवणाच्या टेबलाखाली चारही बाजूंना ६० सेंमी जास्त, नाहीतर खुर्ची मागे ओढली की मागचे पाय कडेवरून घसरतात. ऑर्डर देण्यापूर्वी जमिनीवर मास्किंग टेपने चौकोन आखून दोन दिवस त्यावरून चालावं. मोठा गालिचा परवडत नसेल तर मोठी साधी तागाची सपाट चटई खाली आणि छोटा लोकरी गालिचा वर, हा मार्ग चांगला दिसतो.

धाग्याबद्दल एकच इशारा: व्हिस्कोस. दुकानात रेशमासारखा चमकतो, नाव मोठं असेल तर हमखास मोहात पाडतो, आणि पाणी सांडलं की तिथे डाग राहतो, तंतू ओले असताना कमजोर होतात, चमक मरते. वर्दळीच्या खोलीत नको. पॉलिप्रॉपिलीनवर पाण्याचे डाग सहज निघतात, पण तेलकट डाग चिकटून राहतो आणि जड पायांखाली दबलेले तंतू नीट उठत नाहीत. व्हिनाइलच्या जमिनीवर रबरी पाठीचा गालिचा टाळावा, रबरामुळे पिवळा डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही.

दिवे घ्यावेत, खुशाल घ्यावेत. फक्त बल्ब वेगळा निवडावा. बैठकीच्या खोलीत सगळे २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, रंग दाखवण्याचा निर्देशांक सीआरआय ९० किंवा वर. एक बल्ब ४००० चा घुसला तरी खोली दोन तुकड्यांत विभागल्यासारखी दिसते. टेबलावर लटकणारा दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून ७५ ते ९० सेंमी वर. कुशनसाठी आतली उशी अभ्र्यापेक्षा ५ सेंमी मोठी घ्यावी, चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर. यावर फार बोलण्यासारखं नाही.

आता बाजारातल्या बातम्या. घरसजावटीच्या प्रदर्शनांचं वर्ष साधारण असं फिरतं: जानेवारीत फ्रँकफुर्टला कापडांचं ‘हाइमटेक्स्टिल’, जानेवारी आणि सप्टेंबरमध्ये पॅरिसजवळ ‘मेझाँ ए ऑब्जे’, एप्रिलमध्ये मिलानचं ‘सालोने देल मोबिले’, जे १९६१ पासून भरतंय. तिथे दिसलेला आकार स्वस्त साखळी दुकानांत यायला काही महिने लागतात, आणि येताना त्याचा लाकडी भाग बहुधा फॉइल होऊन येतो. डिसेंबरमध्ये ‘पँटोन’, म्हणजे रंगांची मानकं ठरवणारी कंपनी, पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते. २००० साठी निवडलेल्या आकाशी ‘सेरुलियन’पासून ही प्रथा सुरू झाली, २०२५ साठी तपकिरी ‘मोका मूस’ होता, २०२६ साठी पांढरट ‘क्लाउड डान्सर’. वर्षाचा रंग ज्या वस्तू दोन-तीन वर्षांत बदलायच्याच आहेत तिथे ठीक: कुशन, रजई, मेणबत्त्यांचे स्टँड. सोफा आणि फरशी त्या नादाने निवडू नयेत. ‘क्लाउड डान्सर’सारखा पांढरा तर भिंतीवरच्या प्रकाशानुसार निळसर किंवा पिवळट होतो, मोठ्या कागदावर दोन हात देऊन तो नमुना सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली, खिडकीसमोरच्या आणि खिडकीशेजारच्या अशा दोन भिंतींवर धरून बघितल्याशिवाय डबा घेऊ नये.

साध्या कपाटाचं रूप पालटायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मुठी आणि हँडल. दोन स्क्रूंमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजावं, हँडलची एकूण लांबी नव्हे. बहुतेक मापं ३२ मिमीच्या पटीत असतात: ९६, १२८, १६०. जुनं ९६ चं असेल आणि मनात १२८ चं भरलं असेल तर जुनी भोकं उघडी पडतात. मग मागे पट्टी असलेलं हँडल घ्यावं किंवा लाकडी पुटी भरून रंग द्यावा लागतो. रंगच द्यायचा तर मेलामाइनवर थेट नको. आधी तेलकटपणा धुवायचा, २२० नंबरच्या पेपरने चमक मारायची, धूळ पुसायची, चिकटणारा प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात. हात लावून सुका वाटला तरी रंग पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर त्यावर फुलदाणी ठेवली तर उचलताना रंगासकट उचलली जाते.

एवढं करूनही डिझायनरची गरज उरते, फक्त खरेदीसाठी नाही. मानधन तासावर, ठरावीक रकमेवर, कामाच्या टक्क्यांवर किंवा वस्तूंवरच्या नफ्यातून घेतलं जातं. शेवटच्या प्रकारात स्वस्त वस्तू सुचवण्यात त्यांना फायदा नसतो, हे आधीच बोलून घ्यावं. बजेट तोकडं असेल तर दोन तासांचा सल्ला विकत घ्यावा आणि त्यात फर्निचरची मांडणी, दिव्यांच्या जागा आणि स्विचेस एवढंच विचारावं. जाताना खोलीचा १:५० मापाचा नकाशा न्यावा: भिंतींची लांबी, खिडकीची जमिनीपासूनची उंची, दार कुठल्या बाजूला उघडतं, पंख्याचा आणि एसीचा पॉइंट कुठे, बीम कुठे. ठेवायच्याच आहेत अशा वस्तूंची रुंदी, खोली आणि उंची वेगळ्या कागदावर लिहावी. मापं नसतील तर त्या दोन तासांतला एक तास मोजण्यातच जातो, आणि उरलेल्या तासात मांडणी न होता फक्त भिंतींच्या रंगांवर चर्चा होते.